आमची उपकरप्राप्त इमारत: दुरुस्ती की टॉवर? (गिरगाव, पागडी, अनुभव हवेत)

खालचा_मजला

मंडळी, विषय जुनाच आहे, पण आता आमच्या दारात येऊन ठेपलाय म्हणून धागा काढतोय.

गिरगावातली पागडीची इमारत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोल्या. तळमजला अधिक तीन, १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या भाषेत 'अ' वर्ग. सागवानी खांब, कडीपाट, मधे केव्हातरी घातलेले लोखंडी गर्डर, समोरून गॅलरी, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. खोल्या १८० ते २२० चौरस फुटांच्या. भाडं कुणाचं दीडशे रुपये, कुणाचं तीनशे. तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि खानावळ, जिन्याखाली इस्त्रीवाला.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा एक ब्रॅकेट सुटला. नशिबाने खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून चाळीत तीन तट पडलेत. मालकाच्या वारसांनी एक बिल्डर आणलाय. ४०५ फूट, लिफ्ट, स्वतंत्र संडास, कॉर्पस (मेंटेनन्ससाठी एकरकमी ठेव), सगळं गुळगुळीत कागदावर छापून दिलंय. दुसरा तट म्हणतो, म्हाडाकडून भक्कम दुरुस्ती करून घेऊ. तिसरा तट 'गणपती होऊन जाऊ देत' वाल्यांचा, आणि तोच सगळ्यात मोठा आहे.

मी दुरुस्तीवाला. कारण सरळ आहे. आमच्या इमारतीत बेस्टचा निवृत्त कंडक्टर आहे, दोन नर्स आहेत, झवेरी बाजारात हिशेब लिहिणारा आहे, खानावळ चालवणाऱ्या दोघी बहिणी आहेत. या पगारांची माणसं चर्नी रोड स्टेशनपासून चालत घरी जाऊ शकतात ती फक्त अशा इमारतींमुळे. टॉवरमध्ये आमची नावं पाटीवर लागतील हे खरं. दहा वर्षांनी त्यातली किती उरतील, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांनी दुरुस्ती करून घेतली आहे, ज्यांची दुरुस्ती फसली आहे, ज्यांनी टॉवर घेतला आहे, सगळ्यांनी लिहा. 'वेळ आली की कळेल' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

टॉवरच_हवा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासात जायला लागणाऱ्या म्हाताऱ्या बाईला विचारा दुरुस्ती हवी की टॉवर. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिसरा मजला. गेली तीन वर्षं ती खाली उतरलेली नाही, उतरली ती थेट खुर्चीत बसवून दवाखान्यात न्यायला.

चाळसंस्कृतीवर लेख लिहिणारे बहुतेक जण ठाण्याच्या वनबीएचकेत राहतात. ४०५ फूट स्वतःच्या मालकीचं मिळत असताना भाडेकरू म्हणून राहायचा हट्ट कशाला? आणि नंतर कुणी विकून डोंबिवलीला गेला, तर ती त्याची मर्जी. त्याला कुणी हाकललं नाही.

जमाखर्च

+१ संडासाच्या मुद्द्याला. बाकीचं नंतर लिहितो, आकडे काढून.

वॉर्ड_डी

बरेच जण मंडळाच्या दुरुस्तीबद्दल ऐकीव माहितीवर बोलतात, म्हणून आधी पाया.

१९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरची टंचाई होती, तेव्हा ते बरोबरच होतं. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, इमारती पडायला लागल्या. मग १९६९ चा कायदा आला आणि दुरुस्ती मंडळ स्थापन झालं. पुढे ते म्हाडात गेलं. भाडेकरूंकडून मालमत्ता करासोबत उपकर घ्यायचा आणि त्यातून, शिवाय सरकार-पालिकेच्या पैशातून, दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या १६,५०२ 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. 'ब' वर्ग १९५० पर्यंतचा, 'क' वर्ग ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतचा. त्यानंतरच्या इमारतींना हे छत्र नाही. उपनगरातल्या पागडीवाल्यांनाही नाही, ते बिचारे वाऱ्यावर.

आता मुख्य गोम. मंडळ दुरुस्तीला चौरस मीटरमागे ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च करतं. अंदाजपत्रक त्याच्या वर गेलं तर दोनच वाटा: वरचे पैसे भाडेकरूंनी भरायचे, नाहीतर इमारत 'दुरुस्तीपलीकडे' ठरते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी काय होतं, तर मर्यादेत बसेल एवढंच काम निघतं. दोन गर्डर बदलतात, चार टेकू लावतात, गिलावा करून रंग मारतात. दहा वर्षांनी पुन्हा अर्ज. आमदार-खासदार निधीही या इमारतींच्या दुरुस्तीला वापरता येतो, तो मिळवा. निवडणुकीच्या आधीच्या वर्षी लवकर मिळतो, हे माझं निरीक्षण, नियम नव्हे.

खालचा_मजला, तुमच्या इमारतीवर मंडळाने आधी कधी काम केलंय का, ते वॉर्डच्या कार्यकारी अभियंत्याच्या ऑफिसात फाइल काढून बघा. दुरुस्ती झालेल्या इमारतीचा उपकर दर वेगळा असतो, म्हणजे पावतीवरूनही अंदाज येईल.

तुळई

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, जुन्या इमारतींची कामं बरीच केली आहेत. टॉवर हवा की नको हे तुम्ही ठरवा. इमारत कुठे मरते तेवढं सांगतो.

लोक खोलीच्या मधोमध वर बघतात. स्लॅबचा पोपडा पडला की घाबरतात. पण कडीपाट आणि गर्डरच्या इमारतीत खरं दुखणं भिंतीत असतं. गर्डरचं टोक भिंतीत सहा-आठ इंच शिरलेलं असतं, तेच सगळं वजन भिंतीवर देतं. त्या भिंतीला लागून मोरी. प्रत्येक मजल्याची मोरी एकाखाली एक. पन्नास-साठ वर्षं तिथे रोज कपडे-भांडी झालेली. पाणी फरशीच्या सांध्यातून भिंतीत, भिंतीतून गर्डरच्या टोकाला. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतं, विटा ढकलते ती तीच फूग. खोलीच्या मधोमध गर्डर नव्यासारखा दिसतो आणि टोकाला बिस्किटासारखा हाताने मोडतो. लाकडी तुळईचंही तेच, तिथे गंजाऐवजी वाळवी.

दुसरं म्हणजे सिमेंट. या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर 'दुरुस्ती' म्हणून जाड सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत ठणठणीत, आत लाकूड कुजतंय. अशा 'दुरुस्त' इमारती न दुरुस्त केलेल्यांपेक्षा जास्त धोकादायक झालेल्या मी पाहिल्यात.

तिसरं, आपण स्वतः चढवलेलं वजन. पोटमाळे, जुन्या फरशीवर नवी फरशी, तिच्यावर व्हिट्रिफाइड. गॅलरीत पाण्याच्या टाक्या. ५०० लीटरची टाकी भरली की अर्धा टन, आणि ती ठेवलेली असते नेमकी ब्रॅकेटच्या टोकाला. खालचा_मजला, तुमचा जो ब्रॅकेट सुटला त्याच्या वर टाकी होती का? मी पैज लावायला तयार आहे.

यातलं सगळं दुरुस्त होतं. टोकं उघडायची, खाली टेकू देऊन भार काढून घ्यायचा, गंजलेला भाग कापून नवा सेक्शन जोडायचा किंवा भिंतीला लागून नवा स्टीलचा खांब उभा करून गर्डरला नवी टेकण द्यायची. मोऱ्यांचा कोबा मुळापासून काढून वॉटरप्रूफिंग. सांडपाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेर. गच्चीला ब्रिकबॅट कोबा. पन्हळी. पिंपळ मुळासकट, वरवर छाटून नाही. हे नीट केलं तर पंचवीस-तीस वर्षं सहज मिळतात. पण रंग आणि गिलावा हे शेवटचं काम आहे. ज्या अंदाजपत्रकात ते पहिल्या पानावर असतं, ते अंदाजपत्रक परत करा.

खालचा_मजला

तुळई, टाकी होती. एक नव्हे, दोन.

घरमालकाचा_नातू

या धाग्यावर मालक म्हणजे खलनायक असं वातावरण व्हायच्या आत दोन शब्द.

आमच्या आजोबांनी ताडदेवला इमारत बांधली, गिरणीतल्या सुपरवायझर लोकांसाठी. आज सगळ्या खोल्यांचं मिळून जे भाडं येतं त्यात जिन्यातल्या दिव्याचं बिल, सफाईवाला आणि पाण्याच्या पंपाची एक दुरुस्ती एवढंच बसतं. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. हिशेब करा. २००० साली १०० रुपये असलेलं भाडं पंचवीस वर्षांनी २६६ होतं. तेवढ्यात आज एक फॅमिली पिझ्झा येत नाही. सुप्रीम कोर्टानेच १९९७ साली म्हटलं होतं की गोठवलेली भाडी आता अन्यायकारक झाली आहेत, त्यानंतर हा नवा कायदा आला, आणि त्यात मिळालं ते हे.

वर म्हाडा कायद्यातली १९८६ ची सुधारणा: सत्तर टक्के भाडेकरूंची सोसायटी मागणी करेल तर सरकार इमारत ताब्यात घेऊन त्यांना देणार, मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट. दीडशे रुपये भाड्याच्या खोलीचे पंधरा हजार! गिरगावात! या कलमाविरुद्ध मालकांची संघटना कोर्टात गेली, तीस वर्षांवर ते प्रकरण चाललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक संसाधनं' होत नाही. म्हणजे राज्यघटनेच्या ३९(ब) वरचा देशभरचा निकाल मुळात आपल्या या पडक्या चाळींमुळे आलेला आहे. किती जणांना हे माहीत आहे?

दुरुस्ती मालकाने करावी म्हणता. कशातून?

वॉर्ड_डी

मुद्दा मान्य. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. त्याने केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या पावपटीपर्यंतच. दोनशे रुपये भाडं असेल तर वर्षाला सहाशे रुपये. प्लंबर पाना काढायच्या आधी तेवढे मागतो. दोन्ही बाजूंना हसू यावं असा कायदा आहे.

मात्र एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. पागडी. खोली हस्तांतर होताना मालकाला साधारण तेहतीस टक्के मिळतात, आणि १९९९ च्या कायद्याने ते कायदेशीरही झालं. दक्षिण मुंबईतल्या एका खोलीच्या हस्तांतरात जी रक्कम सुटते, त्यात गॅलरीचे सगळे ब्रॅकेट बदलून होतील. ती रक्कम इमारतीत किती मालकांनी घातली?

घरमालकाचा_नातू

काहींनी घातली. बहुतेकांनी नाही. हे खरं आहे.

प्रतीक्षानगर

बिल्डरच्या कागदावर सही करायच्या आधी माझं ऐका.

आमची इमारत लालबागला. कोसळली नाही, 'खाली करा' म्हणून नोटीस आली. संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, आलो तेव्हा मी शाळेत होतो. आता माझी मुलगी शाळेत आहे. पत्ता तोच. आमच्या इमारतीच्या जागेवर आधी एक विकासक आला, मग त्याने दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने भाडं द्यायचं बंद केलं, मग कोर्ट. शिबिरातल्या इमारतीही आता इतक्या जुन्या झाल्यात की त्यांचाच पुनर्विकास निघालाय. आम्ही धोकादायक इमारतीतून निघून धोकादायक इमारतीत आलो.

बृहत्सूची म्हणून प्रकार असतो, ज्यांची जागा पुन्हा उभीच राहिली नाही त्यांच्यासाठी. पुनर्विकासात म्हाडाच्या वाट्याला जी जादा घरं येतात ती त्यात जातात. नाव लागायला कागद लागतात, आणि कागद आमच्या आजीच्या पेटीत होते, आणि पेटीला वाळवी लागली होती. म्हणून सांगतो: भाडेपावत्या, जुनी विजेची बिलं, रेशनकार्ड, सगळं स्कॅन करून ठेवा. १३ जून १९९६ च्या आधीचा भाडेकरू असल्याचा पुरावा विशेष जपा, ३३(७) मध्ये, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, त्यानंतर निर्माण केलेली भाडेकरू मंडळी धरत नाहीत.

टॉवरला विरोध नाही माझा. पण 'तीन वर्षांत चावी' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

टॉवरच_हवा

प्रतीक्षानगर, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या इमारतीची वेळेवर दुरुस्ती तरी कुणी केली होती का? नाही ना? मग पुनर्विकास फसला म्हणून दुरुस्ती चांगली, असं कसं म्हणता येईल? दोन्ही फसतात. फरक इतकाच की फसलेली दुरुस्ती डोक्यावर पडते. २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी, २०१९ ला डोंगरीची केसरबाई, २०२० ला फोर्टची भानुशाली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि दरवर्षी लोक त्यातच राहतात.

आणि सगळेच पुनर्विकास फसत नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोल्या होत्या, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

वॉर्ड_डी

बीडीडीचं उदाहरण इथे लागू नाही. त्या सरकारी जमिनीवरच्या सरकारी चाळी, म्हाडाने स्वतः राबवलेला प्रकल्प. मालक नाही, वारसांची भांडणं नाहीत. गिरगावातल्या तीनशे-चारशे मीटरच्या प्लॉटवर एकट्या इमारतीचं गणित वेगळं. ३३(७) मध्ये ३ चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या तिप्पट बांधकाम) किंवा पुनर्वसनाचं क्षेत्र अधिक पन्नास टक्के, जे जास्त असेल ते. शेजारचे प्लॉट जोडले तर साठ, सत्तर टक्के. म्हणून बिल्डर शेजाऱ्याच्या मागे लागतो आणि शेजारी नाही म्हणाला की तुमचं काम रखडतं. खालचा_मजला, तुमच्या बिल्डरच्या कागदात शेजारचा प्लॉट गृहीत धरलाय का ते बघा. असेल तर तो कागद शेजाऱ्याच्या भरवशावर आहे.

बोर्दोची_सून

बाहेरून लिहितेय, पण विषय इथल्याशी जुळतो म्हणून. लग्नानंतर बोर्दोला आले. आमच्या घरापासून ट्रामने थोड्या अंतरावर ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे, साठच्या दशकातल्या सरकारी भाड्याच्या घरांची. त्यातल्या तीन लांबलचक दहा-पंधरा मजली इमारतींत ५३० घरं. पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. मग लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसोबत वेगळंच केलं. इमारत तशीच ठेवली, भाडेकरू आतच राहिले, आणि बाहेरच्या बाजूने जवळजवळ चार मीटर खोलीचा नवा सांगाडा उभा केला. जुन्या छोट्या खिडक्या काढून मोठी सरकती दारं, बाहेर काचेची बैठकीची जागा आणि सज्जा. लिफ्ट नव्या, संडास-बाथरूम नवं, वायरिंग नवं. काम २०१७ च्या सुमारास संपलं, २०१९ ला युरोपातला मोठा वास्तुकला पुरस्कार त्याला मिळाला आणि २०२१ ला त्या दोघांना प्रित्झकर.

मी आत जाऊन पाहिलंय, सासूबाईंची मैत्रीण राहते. घर मोठं झालं, भाडं वाढलं नाही, शेजारी तेच. मुंबईत जन्म गेलेल्या माणसाला हे बघून कसं वाटतं ते काय सांगू.

पण एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. तिथे मालक ही सार्वजनिक गृहनिर्माण संस्था आहे. तिच्याकडे पैसा आहे आणि तिला ती घरं भाड्यानेच द्यायची आहेत, विकायची नाहीत. म्हणून दुरुस्ती तिच्या फायद्याची. गिरगावात असा मालकच नाही. मालकाला जमीन हवी, भाडेकरूला मालकी हवी, म्हाडाला फाइल बंद करायची.

तुळई

ग्राँ पार्क आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. :) पण तो आरसीसी सांगाडा होता आणि बऱ्या स्थितीत होता. लाकडी चाळीला बाहेरून नवा भार जोडायचा तर त्याचा पाया स्वतंत्र हवा. अशक्य नाही. उलट टॉवरच_हवा यांच्या आईसाठी नेमकं हेच उत्तर आहे: मागच्या बाजूला, चाळीपासून सुटा, स्वतःच्या पायावर उभा स्टीलचा मनोरा, त्यात एक लहान लिफ्ट आणि प्रत्येक मजल्याला संडासांची नवी रांग. चाळीच्या भिंतीतून संडास बाहेर काढले की भिंतीही वाचतात. मागे जागा असेल तरच, आणि पालिकेची परवानगी हे स्वतंत्र महाभारत. पण 'दुरुस्ती म्हणजे जुनं दुःख तसंच ठेवणं' हे समीकरण चुकीचं आहे.

टॉवरच_हवा

असं कुणी करून दिलं तर मी पहिली सही करतो. कोण देणार?

पेठेतला_वाडा

आमच्या पुण्यात उपकर नाही, मंडळ नाही, काही नाही. वाड्याची भिंत पावसात आपोआप पडते. 'आपोआप'. चालू द्या तुमचं.

जमाखर्च

आकडे आणलेत. माझे स्वतःचे आहेत, आम्ही परळला दुरुस्ती केली आणि बहिणीच्या सासरी टॉवर झाला, दोन्हींचे कागद समोर ठेवून.

आमच्याकडे मंडळाची मर्यादा ओलांडून जे काम निघालं त्याला घरटी साधारण दोन लाख आले. दोन वर्षांत हप्त्यांनी. ज्यांना जमत नव्हतं त्यांचे दुकानदारांनी आगाऊ भरले, नंतर फेडून घेतले. हे लेखी केलं होतं, तोंडी अजिबात करू नका. आज महिन्याचा सामाईक खर्च घरटी चारशे.

बहिणीकडे घर फुकट. पण लिफ्ट दोन, फायर पंप, जनरेटर, सिक्युरिटी, पोडियमची सफाई. मेंटेनन्स महिना साडेपाच हजार. विक्रीच्या फ्लॅटवाल्यांना स्विमिंग पूल हवा होता, त्याचा हिस्सा यांच्याही बिलात आला, त्यावरून अजून भांडण चालू आहे. मालमत्ता कर २०२२ पासून पाचशे फुटांखाली माफ आहे, तेवढा दिलासा. कॉर्पसचं व्याज मेंटेनन्सच्या जेमतेम अर्ध्याला पुरतं, आणि ज्यांनी कॉर्पस मुलीच्या लग्नाला मोडला त्यांच्याकडे तेही नाही.

साडेपाच हजार ही रक्कम नोकरी असताना काही वाटत नाही. निवृत्त कंडक्टरच्या पेन्शनमध्ये वाटते. तिच्या मजल्यावर मूळ भाडेकरूंची सात घरं होती, त्यातली तीन भाड्याने दिलेली आहेत आणि मालक कल्याण-बदलापूरला. टॉवरच_हवा म्हणतात तसं कुणी हाकललं नाही. महिन्याच्या बिलाने हाकललं.

आणि भाड्याने कुणाला दिली? चाळीत त्याच खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून नर्सिंगच्या मुली राहायच्या. आता चाळीस हजार भाडं देणारे राहतात. त्या मुली कुठे गेल्या ते कुठल्याच पुनर्वसन यादीत नाही. तुमचा जिन्याखालचा इस्त्रीवालाही नसेल.

मावशी_दुसरा_जिना

मी खानावळ चालवते, वेगळ्या चाळीत. हा इस्त्रीवाल्याचा मुद्दा कुणी तरी काढला बरं झालं. माझ्याकडे जेवणारी पोरं कुठल्या कुठल्या खोलीत चार-चार जण राहतात. पुनर्विकासाच्या मीटिंगला त्यांना कुणी बोलवत नाही, कारण पावती त्यांच्या नावावर नाही. त्यांचं घर पण जातं आणि माझं गिऱ्हाईक पण.

बाकी एक सांगते. आमच्याकडे दुरुस्ती चालू असताना सात महिने टेकूंच्या मधून ताटं वाढली. धूळ इतकी की आमटी झाकून ठेवायला लागायची. पण गिऱ्हाईक एक तुटलं नाही.

वॉर्ड_डी

काम कुणी कुणावर ढकलू नये म्हणून म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं. धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने मुदत, ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव द्यायचा. त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. त्यांनीही नाही दिला तर म्हाडा भूसंपादन करणार. हेतू चांगला. पण नोटिसा सरसकट निघाल्या आणि प्रकरणं कोर्टात गेली. माझा आक्षेप वेगळाच आहे. या अख्ख्या साखळीत 'भक्कम दुरुस्ती' हा पर्याय शेवटपर्यंत कुणाच्या तोंडी नाही. जी काही मुदत आहे ती पाडायच्या प्रस्तावाची.

खर्चाची मर्यादा काढून टाका, मंडळाने पूर्ण दुरुस्तीला कर्ज द्यावं, ते उपकरात पंधरा वर्षं वळतं करावं, आणि बदल्यात त्या मुदतीत मालकाने इमारत पाडायची नाही, असा नियम केला तर मालकालाही भाडं थोडं वाढवून द्यायला माझी हरकत नाही. चारशे-पाचशे भाडं आमच्यातले बहुतेक देतील. घरमालकाचा_नातू, चालेल?

घरमालकाचा_नातू

पाचशेला नाही म्हणणार नाही. पण पंधरा वर्षं हात बांधून घ्यायला आमचे चुलते तयार होणार नाहीत. सातबारावर... म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. दोघं अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही. खरं सांगायचं तर बिल्डरला विकणं सोपं पडतं ते एवढ्यासाठीच, तो अकरा सह्या गोळा करायचं काम स्वतः करतो.

संपादक

दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. बिल्डरची नावं आणि फोन नंबर धाग्यावर नकोत.

खालचा_मजला

सगळ्यांचे आभार. रविवारी इमारतीची सभा आहे, त्यात काय मांडणार ते लिहितो, काही राहिलं तर सांगा.

गॅलरीतल्या टाक्या पहिल्यांदा काढायच्या, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. यावर मीच शिव्या खाणार आहे, कारण पाणी पहाटे पाच ते सहा येतं. तळमजल्यावर एक सामाईक टाकी आणि पंप, असं सुचवतोय. गिरणीवाले जागा द्यायला तयार आहेत.

मंडळाची जुनी फाइल वॉर्ड ऑफिसातून काढायची. बिल्डरच्या कागदात शेजारचा प्लॉट धरलेला आहे, काल बघितलं. तिथे देवस्थानची जागा आहे, म्हणजे संपलं.

टॉवरवाल्या बाजूला मी एक शब्द देणार आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मागच्या चौकातला सुटा संडास-मनोरा आणि लिफ्ट धरूनच आकडा मागवायचा. तो परवडला नाही तर मी आडवा येणार नाही, बिल्डरशी बोलू. मागे साडेआठ फूट आहेत, तुळई, पुरतील का?

आणि ज्यांना 'पाडली की हक्क गेला' अशी भीती घातली जातेय त्यांच्यासाठी: आमच्या वकिलांनी सांगितलं की सांगलीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ साली ठरवून दिलंय, वास्तू पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणजे घाईने सही करायचं कारण नाही.

प्रतीक्षानगर

हक्क संपत नाही हे आम्हालाही माहीत होतं. हक्क घेऊन शिबिरात बसलोय. पण टाक्या काढताय ते उत्तम.

तुळई

साडेआठ फुटांत लहान लिफ्ट आणि मजल्याला दोन संडास बसतील, तीन नाही. पाया खणताना चाळीची मागची भिंत जपा, एकावेळी सगळी लांबी उघडू देऊ नका, तुकड्या-तुकड्याने.

मंडळाचे इंजिनियर पाहणीला येतील तेव्हा किमान चार ठिकाणी भिंत फोडून गर्डरची टोकं उघडून दाखवा असा आग्रह धरा. मोरीच्या बाजूची आधी, आणि तळमजल्यावरच्या खानावळीच्या वरची नक्की, तिथे वाफ असते. ते नाही म्हणाले तर स्वतःच्या खर्चाने खाजगी ऑडिट करून घ्या आणि फोटो तारखेसह जोडा. टोकं न बघता कुणी 'दुरुस्तीयोग्य' म्हटलं तरी सही करू नका, आणि 'दुरुस्तीपलीकडे' म्हटलं तरी नाही.

खालचा_मजला

खानावळीच्या वर आमचीच खोली आहे. उद्या मिस्त्रीला बोलावतो.